कोस्तिसचं आडनाव

थिया, फलकावर तुमचं नाव लागलं नाही.

ही बातमी आधी सांगून टाकते, कारण तुम्हाला गोष्ट शेवटाकडून ऐकायची सवय होती. टीव्हीवर सिनेमा सुरू झाला की तुम्ही विचारायचात, "शेवटी मरतं कोण? ते सांग, मग बघायचं की नाही ते मी ठरवते." तर शेवट असा आहे. तुमच्या गावकऱ्यांच्या हॉलमध्ये, इंग्रजांशी लढलेल्यांच्या नावांचा जो लाकडी फलक आहे, त्याच्या तळाशी तुमच्यासाठी ठेवलेली जागा रिकामी आहे आणि रिकामीच राहणार आहे. तुमचा मुलगा अँडी माझ्याशी बोलत नाही. महिनाअखेर मला खोली सोडायची आहे. तुम्ही गेल्यानंतर चाळिसाव्या दिवशी, तुमच्या चाळिसाव्याला, जमलेल्या साठ-सत्तर माणसांपैकी निम्मी कॉफी न पिताच निघून गेली. हे सगळं माझ्यामुळे झालं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. दोन महिन्यांपूर्वी वाटलं असतं.

हे मी मराठीत लिहिते आहे. तुम्हाला मराठीतला एकच शब्द यायचा, "बास", आणि तो तुम्ही फोनवर मला उपदेश करणाऱ्या माझ्या आईला स्वयंपाकघरातून ऐकवायचात. आई दचकून विचारायची, "कोण गं ते?" मी इंग्रजी शाळेत शिकले. माझं मराठी घरातल्या घरात वापरलेलं आहे, चारचौघांत नेण्यासारखं नाही. पण यातलं काही ज्यांनी वाचायला हवं, ते मराठी वाचतात.

आपली पहिली भेट तुम्ही नेहमी तिखटमीठ लावून सांगायचात, म्हणून माझ्या आठवणीतली सांगते. मी इथल्या हॉस्पिटलमध्ये कानांच्या विभागात नुकती लागले होते. लोकांचं ऐकणं तपासायचं, यंत्रं बसवायची. तिथल्या नोटीस बोर्डावर खोलीची चिठ्ठी होती. लंडनमधल्या क्रॉयडनच्या ट्रामच्या थांब्यापासून चार मिनिटांवरचं घर. तुम्ही दार उघडलंत. काळा स्वेटर, काळा स्कर्ट, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. मागे अँडी उभा होता. तुम्ही माझं नावही विचारलं नाहीत.

"इंडियन?"

"हो."

"तुमच्याकडे इंग्रज किती वर्षं होते?"

मी गडबडले. "दीडशे? म्हणजे, कुठून मोजायचं त्यावर..."

"आमच्याकडे ब्याऐंशी. खोली वर, डावीकडे."

"मम, लोकांना असं विचारत नाहीत," अँडी म्हणाला.

"मग काय विचारतात? हवा?"

मी तुम्हाला 'मिसेस' म्हटलं ते एक दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "मिसेस मला बँक म्हणते. तू थिया म्हण." मावशी, आत्या, काकू, मामी, सगळ्यांना तुमच्याकडे एकच शब्द. मला ते सोयीचं वाटलं. नातं कुठल्या बाजूचं, हे सांगत बसायला नको.

तुम्ही सायप्रसच्या. मी एकदा तुम्हाला सायप्रियट म्हटलं तर तुम्ही हातातला चमचा खाली ठेवलात. "बेट सायप्रस. आम्ही ग्रीक." सोळाव्या वर्षी तुम्ही शाळेच्या दप्तरातून डोंगरात लपलेल्या पोरांचे निरोप आणि पत्रकं पोचवत होतात. इंग्रजांनी जावं आणि बेट ग्रीसला मिळावं, यासाठी. एकदा पकडलं. अकरा दिवस ठाण्यात ठेवलं. तुम्ही एकही नाव सांगितलं नाहीत. सार्जंटने कानाखाली मारलं आणि नंतर दूध घातलेला चहा पुढे केला. तो तुम्ही त्याच्या टेबलावरच्या कागदांवर ओतलात. तुमचा डावा कान तेव्हा निम्मा गेला. दुधाचा चहाही तेव्हाच गेला.

मग तुम्ही याच लोकांच्या देशात का आलात, हा प्रश्न विचारायला मला पाच महिने लागले. तुम्हाला उत्तर द्यायला अर्धं मिनिटही लागलं नाही. "ते ब्याऐंशी वर्षं माझ्या घरात राहिले, कुणाला न विचारता. मी निदान तिकीट काढून आले." आणि थोड्या वेळाने, भेंडी चिरता चिरता, "तीस वर्षं दुकानात मासे तळून घातले त्यांना. एकाच्याही घशात काटा अडकू दिला नाही. माझ्याएवढा मोठ्या मनाचा शत्रू दाखव."

मी या देशात पाय न वाजवता चालायचे. व्हिसाच्या ऑफिसचं पाकीट आलं की ते उघडायच्या आधी हात धुवायचे. ट्रामच्या थांब्यावर एक माणूस मला म्हणाला, तुझ्या देशात परत जा. मी नेहमीप्रमाणे फोनमध्ये बघायला लागले. तुम्ही काठी आपटलीत. "ती कशी जाईल? माझे कान तिच्याकडे असतात." तुमच्या दोन्ही कानांतली यंत्रं मी सांभाळायचे, पण त्या माणसाला काही कळलं नाही. तो दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. घरी आल्यावर मला वाटलं तुम्ही माझी समजूत घालाल. तुम्ही म्हणालात, "मान खाली घालून तू त्याचा वेळ वाचवलास. तसं करू नये."

वर्षातले काही शनिवार तुमच्याकडे मेलेल्यांचे असतात. त्या दिवशी चर्चमध्ये गहू न्यायचे. आख्खे गहू शिजवून, कापडावर पसरून कोरडे करायचे, त्यात तीळ, बदाम, बेदाणे, दालचिनी, डाळिंबाचे दाणे, आणि वरून पिठीसाखरेचा जाड थर. आपल्या खिरीचीच सामग्री, पण दाणा न् दाणा सुटा हवा. पहिल्या वर्षी तुमचे गुडघे दुखत होते म्हणून मी म्हटलं, गहू मी शिजवते. आईने दिलेला कुकर होता. चार शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर सगळा लगदा. तुम्ही डाव घालून बघितलंत.

"ही काय लापशी? माझ्या मेलेल्यांना दात नाहीत असं वाटलं तुला?"

मग आपण दोघींनी नव्याने, उघड्या पातेल्यात, दर दहा मिनिटांनी दाणा चेपून बघत गहू शिजवले. स्वयंपाकघराची काच वाफेने पांढरी झाली होती. तेव्हा तुम्ही मला यादी लिहायला सांगितलीत. तुमचा हात थरथरायचा, आणि माझं अक्षर शाळेने घटवून घेतलेलं. गव्हाबरोबर पाद्रीला एक कागद द्यायचा असतो. त्यावर मेलेल्यांची नावं. पाद्री ती मोठ्याने वाचतो. फक्त पहिली नावं. आडनाव नाही, पदवी नाही, गाव नाही.

"आडनाव का नाही?" मी विचारलं.

"देवाला लागत नाही."

सात नावं होती. वडील, आई, तुमचे यजमान, डोंगरात लढताना मेलेली गावची तीन पोरं. सातवं कोस्तिस. "हा कोण?" म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "प्रत्येक ग्रीक घरात एक कोस्तिस असतो." मी पुढे विचारलं नाही. न विचारणं हा माझा स्वभाव. लोक त्याला चांगलं वळण समजतात.

तिसऱ्या वर्षी तुम्हीच सांगितलंत. आपण असेच गहू पसरत होतो. माझ्याकडे न बघता तुम्ही बोलायला लागलात.

कोस्तिस तुमच्या गावचा मोची. गावापासून मैलभरावर इंग्रजांची छावणी पडली, तेव्हा सैनिक बूट दुरुस्तीला त्याच्याकडे यायला लागले. तो त्यांचे बूट शिवायचा, तसे सगळ्यांचेच शिवायचा. सैनिक बाकावर बसून सिगारेट ओढायचे आणि मोडक्या ग्रीकमध्ये त्याच्याशी गप्पा मारायचे. गावाने ते पाहिलं. एके दिवशी तुमच्या दप्तरात एक घडी घातलेला, बंद केलेला कागद ठेवला गेला. तुम्ही तो शेजारच्या गावी, एका घराच्या पायरीवरच्या कुंडीखाली ठेवून आलात. तिसऱ्या दिवशी दोन अनोळखी माणसं आली आणि कोस्तिसला त्याच्या दुकानात गोळ्या घालून गेली. भिंतीवर 'फितूर' लिहिलं होतं.

"कागदात त्याचं नाव होतं?"

"मी उघडला नव्हता. उघडायचा नसतो."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

"माहीत नाही. साठ-पासष्ट वर्षं मला माहीत नाही. सार्जंटने मारलं तेव्हा मी एकही नाव दिलं नाही, याचं सगळे कौतुक करतात. आणि एक नाव मीच दप्तरात घालून पोचवलं असेल." तुम्ही कापडाची सुरकुती सरळ केलीत. "किंवा त्यात पिठाच्या गोण्यांचा हिशोबही असेल."

तुम्ही इथे आल्यावर पहिल्याच वर्षी त्याचं नाव यादीत घातलंत. कुणी विचारलं नाही, कारण कोस्तिस प्रत्येक घरात असतो. चर्चमध्ये तुमच्याच गावची माणसं आजूबाजूला उभी असायची, नाव ऐकायची आणि छातीवर क्रूसाची खूण करायची. पहिल्या नावाआड तो सुखरूप लपून होता. "देवाला आडनाव लागत नाही," तुम्ही पुन्हा म्हणालात, "पण गावाला लागतं." आणि ते मला हळूच सांगितलंत.

या वर्षी डॉक्टरांनी तुमच्या हृदयाबद्दल जे सांगितलं, त्यानंतरच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे तुमच्या कानांच्या यंत्रांच्या नळ्या बदलून ती तुम्हाला परत घालून दिली. तुम्ही म्हणालात, "माझ्या चाळिसाव्याला हॉलमध्ये गावकरी मंडळाचा सावास भाषण करेल. मला फलकावर चढवेल. त्यानंतर तू उभी राहा आणि सांग सातवा कोण ते. आडनावासकट."

मी नाही म्हटलं.

मी आयुष्यात फार कमी वेळा नाही म्हटलं आहे. ते तुम्हाला म्हटलं, याची मला आजही लाज वाटते आणि थोडा अभिमानही. मी म्हटलं, मी गावची नाही, मी ग्रीक नाही, मी भाडेकरू आहे. तुम्ही म्हणालात, म्हणूनच. ते तुझं काही वाकडं करू शकत नाहीत. मी म्हटलं, अँडीला सांगा. तुम्ही म्हणालात, अँडीला आई हिरॉइन हवी आहे, त्याच्या मुलींना शाळेत सांगायला. मग मी जे बोलायला नको होतं ते बोलले.

"तुम्ही स्वतः का नाही सांगत? तुम्ही अजून जिवंत आहात. सार्जंटला घाबरला नाहीत आणि सावासला घाबरता?"

तुम्ही टेबलावरचा नळीचा जुना तुकडा बोटाने खाली लोटलात.

"मी सांगितलं तर ते मला माफ करतील," तुम्ही म्हणालात. "म्हातारी बाई आहे, रडते आहे, द्या सोडून. कॉफी पाजतील. मला माफी नको आहे. मला त्याचं नाव हवं आहे."

"हे घाबरण्याचंच दुसरं नाव आहे, थिया."

तुम्ही दोन्ही यंत्रं काढून टेबलावर ठेवलीत. आपली भांडणं अशीच संपायची. तुम्हाला पुढचं ऐकायचं नसलं की तुम्ही कान काढून ठेवायचात आणि मी जिने चढून वर जायचे. त्या दिवशी मी वर गेले नाही. तुमच्या समोर बसून राहिले आणि मराठीत बोलले. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. तुम्हाला ऐकू येणार नाही आणि आलं तरी कळणार नाही, अशी दुहेरी खात्री करून मी तुम्हाला माझ्या पणजोबांची गोष्ट सांगितली. यापेक्षा भित्रं काही मी केलेलं नाही. म्हणून इथे पुन्हा सांगते.

माझे पणजोबा साताऱ्याकडच्या एका गावचे पोलीस पाटील होते. बेचाळीसच्या चळवळीनंतर त्या भागात भूमिगतांची सत्ता चालायची. इंग्रजांना खबर देणाऱ्याला ते धरायचे आणि तळपाय फोडायचे. एका संध्याकाळी माझ्या पणजोबांना मळ्यात नेलं. त्यानंतर ते सरळ चालले नाहीत. त्यांनी खबर दिली होती की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही, कारण कुणी विचारलंच नाही. आमच्या घरात सांगतात की ते बैलगाडीवरून पडले. त्यांचे धाकटे भाऊ चळवळीत होते. त्या भावाचा फोटो, हार घातलेला, आमच्या दिवाणखान्यात आहे. पणजोबांचा फोटो घरात एकही नाही. मला हे एका लग्नात आत्याने सांगितलं, पंगतीची वाट बघताना, जणू एखाद्या दूरच्या नातेवाइकाची गंमत सांगावी तसं. वर म्हणाली, "कुठे बोलू नकोस हं." त्याच वर्षी शाळेत 'माझं कुटुंब आणि स्वातंत्र्यलढा' असा प्रोजेक्ट होता. मी धाकट्या भावावर लिहिलं. पहिलं बक्षीस मिळालं. पणजोबांवर एक ओळ होती. त्यात बैलगाडी होती.

तेव्हा थिया, मी तुम्हाला नाही म्हटलं ते तुमच्या गावामुळे नव्हतं. कोस्तिसचं आडनाव एकदा तोंडातून बाहेर पडलं, तर मला माझ्या घरचंही गप्प ठेवता येणार नाही, याची मला भीती होती.

गोष्ट संपल्यावर मी तुमच्यापुढे यंत्रं सरकवली. तुम्ही ती कानात घातलीत आणि विचारलंत, "झालं बोलून?"

"झालं."

"काही महत्त्वाचं होतं?"

"नाही."

चार दिवसांनी तुमच्या छातीत कफ भरला. हॉस्पिटलमध्ये नऊ दिवस. माझ्या विभागातून तुमच्या वॉर्डला जायला दोन मजले. मी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत यायचे, यंत्राची बॅटरी बघायचे, कारण नर्स ती उलटी घालायच्या. आपण भांडणाबद्दल बोललो नाही. तुम्ही सूपला नावं ठेवलीत. शेजारच्या बाईच्या मुलीला 'ती फोनवर खोटं रडते' म्हणालात. शेवटच्या दिवशी मी दारापर्यंत गेले तेव्हा तुम्ही मला परत बोलावलंत. मला वाटलं, आता पुन्हा विचारतील. मी मनात हो ठरवून मागे वळले होते. खरंच ठरवलं होतं. तुम्ही म्हणालात, "घरी फ्रिजमधले चणे आजच खा. उद्या आंबतील." दुसऱ्या दिवशी दुपारी माझा रुग्ण काचेच्या खोलीत बसून आवाज ऐकू आला की बटण दाबत होता, तेव्हा अँडीचा फोन आला. मी तपासणी पूर्ण केली. तुमच्याकडून शिकले होते, काम अर्ध्यात सोडायचं नाही.

ते हो तुम्हाला कधी कळलं नाही. या सगळ्यात मला सर्वांत जास्त तेच टोचतं.

चाळिसाव्याच्या आधी मी अँडीला सांगितलं. त्याला अंधारात ठेवून करणं मला पटलं नसतं. तो स्वयंपाकघरात उभा होता, तुमच्या कपाटातल्या बरण्या खोक्यात भरत. त्याने सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही, थिया. त्याचे डोळे भरले होते.

"मम शेवटी खूप औषधांवर होती, लव्ह." इथे लव्ह कुणालाही म्हणतात.

"तीन वर्षांपूर्वी सांगितलं त्यांनी. तेव्हा औषधं नव्हती."

"तिनं एक कागद नेला. ती सोळा वर्षांची होती. माझ्या मुलींना मी काय सांगू? आजीने माणूस मारला?"

"आजीने त्याचं नाव साठ वर्षं यादीत ठेवलं, हे सांगा."

"तू यात पडू नकोस. प्लीज. तू आमच्यातली नाहीस."

तो हे शांतपणे म्हणाला. ते खरंही आहे. पण मी आयुष्यभर हे वाक्य ऐकून मागे सरले आहे, इथे आणि तिथेही, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचा राग आला. मी म्हटलं, "मग तुमच्यातल्या कुणीतरी सांगा. मी बसते." त्याने बरणीचं झाकण लावलं आणि ती खोक्यात ठेवली.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीने आठ नावं वाचली. आधी तुमचं, मग तुमची सात. गहू बेकरीतून मागवले होते, साखर छान गुळगुळीत, पण दाणा कच्चा होता. तुम्ही नावं ठेवली असती. नंतर हॉलमध्ये कॉफी, ब्रँडी, पाव, ऑलिव्ह, हल्लूमी चीज. मिस्टर सावास गावकरी मंडळाचे अध्यक्ष म्हणून उभे राहिले. ऐंशीच्या पुढचे, ताठ, टायची गाठ अगदी घट्ट. ते आधी ग्रीकमध्ये, मग आम्हा बाकीच्यांसाठी इंग्रजीत बोलले. सोळा वर्षांची मुलगी, अकरा दिवस, एकही नाव नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण ते सगळं खरं होतं. मग त्यांनी विचारलं, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचेत? असं विचारायची पद्धत असते, बोलायची नसते. अँडी माझ्याकडे बघून अगदी हळू मान हलवत होता.

मी उभी राहिले. माझा आवाज लहान आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही म्हणायचात, तुझ्यासारख्या बाईने बहिऱ्यांचं काम करावं हा देवाचा विनोद. मी खुर्चीच्या पाठीला धरून बोलले. मी म्हटलं, "आज शेवटी वाचलेलं नाव कोस्तिस हाजीलुका यांचं होतं. ते तुमच्या गावचे मोची होते. त्यांना फितूर म्हणून मारलं. त्यांनी फितुरी केली होती का, हे थिया मारुलांना माहीत नव्हतं. त्यांच्या मृत्यूच्या तीन दिवस आधी थियांनी एक बंद कागद पोचवला होता, त्यात काय होतं हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांना माफी नको होती. हे नाव पूर्ण घेतलं जावं एवढंच हवं होतं. त्यांनी मला हे करायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. ते माझं चुकलं होतं."

एवढंच. मिनिटभरही लागलं नसेल. एक बाई क्रूसाची खूण करत होती, तिचा हात मध्येच थांबला. कुणीतरी ग्रीकमध्ये काहीतरी म्हणालं, ते मला कळलं नाही आणि कळायची गरज नव्हती. खुर्च्या मागे सरकल्या. लोक कोट घालायला लागले. अँडी माझ्या शेजारून जाताना म्हणाला, "थँक्स अ लॉट," आणि बाहेर गाड्यांकडे गेला. मी तिथेच उभी राहिले. माझ्या हातात अजून खुर्चीची पाठ होती, त्यामुळे शूर दिसणं सोपं गेलं.

मिस्टर सावास माझ्याकडे आले.

"फलकावर आता नाव लावता येणार नाही. कळतंय ना?"

"का?"

"त्यावर अकरा घरांची नावं आहेत. त्यांच्याखाली तिचं लावलं, तर प्रत्येक घराला विचारावं लागेल की कागद कुणी लिहिला."

"विचारा."

"यंग लेडी, तू तिथे नव्हतीस."

"तुम्ही होतात, अंकल."

मी त्यांना अंकल का म्हटलं, मला माहीत नाही. घाबरले की माझ्या तोंडून शाळेतलं काहीतरी निघतं. पण मी नजर खाली घेतली नाही. "नाव लावायचं नसेल तर लावू नका," मी म्हटलं. "थिया अर्ध्या गोष्टीसाठी फलकावर जायला तयार नव्हत्या. पूर्ण गोष्ट मावत नसेल तर फलक लहान आहे."

मला वाटलं, ते आता निघून जातील. त्यांनी टायची गाठ सैल केली. मग एक खुर्ची ओढली आणि बसले. हॉलमध्ये आम्ही सात-आठजण उरलो होतो. ते माझ्याशी बोलत होते की टेबलाशी, सांगता येणार नाही.

"त्याची बायको आठवड्याच्या आत गाव सोडून गेली. दुकानाला कुलूप. आत सगळ्या गावाचे बूट होते. दुरुस्तीला दिलेले. फळीवर ओळीने, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. खिडकीतून दिसायचे. कुणी आणायला गेलं नाही. पाटलांकडे किल्ली होती, मागितली असती तर मिळाली असती. पण मागायला गेलं की दिसणार, याचा बूट फितुराकडे होता. त्या हिवाळ्यात डोंगरात बर्फ पडला. अर्धं गाव चर्चला जायचे बूट घालून शेतात जायचं. बाकीचे कापड गुंडाळून. आम्ही मुलं खिडकीला नाक लावून बघायचो, हा माझ्या बापाचा, तो तुझ्या बापाचा."

"मग काय झालं त्यांचं?"

"माहीत नाही. मी गाव सोडून इकडे आलो तेव्हा अजून तिथेच होते."

मी पर्समधून पेन काढलं. मी कधी कुणाला खोदून विचारत नाही, पण त्यांना म्हटलं, "कुणाकुणाचे होते, ते सांगा. आडनावासकट." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली, डावीकडून, फळीवरच्या क्रमाने. कोपऱ्यातल्या एका म्हातारीने मध्येच त्यांना दुरुस्त केलं, "नाही, नाही, तो काळा जोड शाळामास्तरांचा." त्या दोघांची थोडी जुंपली. मी लिहीत राहिले.

नववा जोड तुमच्या वडिलांचा होता, थिया. टाच निघालेली, तपकिरी. हे तुम्ही मला कोस्तिसची गोष्ट सांगितल्यानंतरच्या तीन वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत. तुमच्या वडिलांनी तो का आणला नाही, आणि तुम्ही, ज्यांनी सार्जंटच्या टेबलावर चहा ओतला, वडिलांना तो जाऊन आणायला का सांगितलं नाहीत, हे मला तुम्हाला विचारायचं आहे. कान काढून ठेवलेत तरी मी विचारणार आहे.